काठावरचे दिवस

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्यांना महिन्याच्या सात तारखेचे माहात्म्य कोणत्याही पोथीतून वाचावे लागत नाही. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत चुकते केले पाहिजे, असा १९३६ च्या वेतन अधिनियमाचा दंडक होता. आणि या एका दंडकाच्या आधारावर आनंदनगरपासून मोरिवलीपर्यंत काम करणाऱ्या हजारो माणसांचे वाणसामान, मुलांची फी, पतपेढीचा हप्ता, गावी म्हाताऱ्या आईबापांकडे जाणारी मनीऑर्डर आणि देवघरातील समईचे तेल, हे सर्व अवलंबून असे. त्या दिवशी पाळी सुटल्यावर मारुतीपुढे नारळ फुटे, पेढ्यांचा पुडा घरी जाई, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना मनुष्य देवाचे नाव घेऊन म्हणे की, त्याच्या कृपेने सर्व ठीक चालले आहे. या कृतज्ञतेत दंभाचा लेशही नव्हता. परंतु ज्या निश्चिंतपणाला आम्ही ईश्वरावरील निष्ठा म्हणत होतो, त्यातील किती अंश ईश्वरावर विसंबलेला होता आणि किती त्या सात तारखेवर, हे निवडून काढण्याचा प्रसंगच तोवर आला नव्हता. आणि तसा प्रसंग आल्यावाचून कोणाही मनुष्याला ही निवड करता येईल, असे मला वाटत नाही.

आमच्यावर तो आला टाळेबंदीच्या रूपाने. कारखान्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. पहिल्या पाळीची माणसे डबे घेऊन फाटकाशी आली, तेव्हा गजांना सुतळीने बांधलेल्या एका फळीवर इंग्रजीत टंकलेली सूचना चिकटविलेली होती, आणि एक तरुण फिटर ती मोठ्याने वाचून, जमेल तसा तिचा अर्थ लोकांना सांगत होता. माझे लक्ष मात्र त्या कागदाकडे नव्हते. फाटकाच्या आत, टाइम ऑफिसच्या काचेआड, आमची हजेरीची कार्डे पत्र्याच्या खणांत नेहमीप्रमाणे ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या माथ्यावर नाव आणि तिकीट नंबर, आणि त्याखाली आदल्या दिवसापर्यंत घड्याळाच्या यंत्राने उमटविलेले जांभळे आकडे. आजच्या तारखेपुढची कोरी चौकट एवढ्या अंतरावरून दिसणे शक्य नव्हते, तरी ती मला दिसली.

त्यानंतर आम्ही दोन ठिकाणी अर्ज करू लागलो. एक अर्ज ठाण्याला कामगार आयुक्तांच्या दफ्तरी, थकलेला पगार, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे यांच्यासाठी. दुसरा घरातल्या देवापुढे. आता विचार करता जाणवते की, दोहोंचा मसुदा एकच होता. सेवेची वर्षे, निष्कलंक वर्तणूक, कुटुंबाची परिस्थिती, आणि अखेरीस सत्वर दाद मिळावी ही नम्र विनंती. नवस बोलला गेला, तर त्यातही मुदत आणि ऐवज ठरलेला असे. या याचनेला मी हिणवीत नाही. गीतेने भक्तांचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आर्ताचे नाव पहिले घेतले आहे, आणि ज्याच्या घरी पीठ संपत आले आहे त्याने देवाकडे पीठ मागू नये, असे म्हणण्याचा अधिकार भरल्या घरातल्या तत्त्वज्ञाला नाही. पण अर्जाला एक मर्यादा आहे. कमिशनरने दाद दिली नाही तर कामगार न्यायालय आहे, त्याने दिली नाही तर उच्च न्यायालय आहे. देवाने मुदतीत दाद दिली नाही, तर त्याच्यावर अपील कोठे करावयाचे? येथे पोहोचल्यावर मनुष्य एकतर देवाचे दफ्तरच कायमचे बंद करतो, किंवा अर्जदाराची भूमिका सोडून त्याच्याशी काही निराळे नाते जोडतो. शरणागतीची वाट या दुसऱ्या ठिकाणी फुटते. आणि ती कोणी हौसेने धरीत नाही.

रिकाम्या झालेल्या दिवसांत आमच्यापैकी पुष्कळजण वालधुनी नदीच्या काठच्या शिवमंदिरात जाऊन बसत. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख असलेले हे शिलाहारांचे मंदिर. चित्तराजाने ते आरंभिले आणि मम्मुणीच्या कारकिर्दीत ते सिद्धीस गेले, असे अभ्यासक मानतात. सिद्धीस गेले असेही पुरते म्हणवत नाही, कारण सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेले आणि मान वर केली, की तेथे शिखर नाही, आकाश आहे. पावसाळ्यात पाऊस थेट पिंडीवर पडतो. ज्याने पाया घातला त्याला कळस दिसला नाही, ज्याने पुढे काम चालविले त्याच्याही हातून तो झाला नाही असे दिसते, आणि तरीही साडेनऊशे वर्षे दर सोमवारी आणि दर महाशिवरात्रीला माणसे त्या अपुऱ्या छपराखाली बेलपत्र वाहत आली. काम पुरे झाल्यावाचून पूजेला बसणार नाही, असा हट्ट येथे कोणी धरलेला नाही. त्या खालच्या गारव्यात बसून मी पुष्कळदा तुकोबांचा विचार करीत असे, कारण हिशेब बुडालेल्या मनुष्याला आमच्या परंपरेत त्यांच्याइतका जवळचा दुसरा कोणी नाही.

तुकोबांच्या चरित्रात इंद्रायणी दोनदा येते. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची गुरे गेली, दुकानाचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला. आणि या सर्वातून बाहेर पडल्यावर घरातील सावकारीची कर्जखते त्यांनी भाऊ कान्होबाशी वाटून घेतली व आपल्या वाट्याची नदीत बुडविली, असे परंपरा सांगते. भावाचा वाटा त्यांनी बुडविला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्वतःचे येणे सोडून देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या भाकरीवर आपल्या वैराग्याचे पाणी सोडण्याचा नाही. हे झाले पहिले बुडविणे, आणि ते स्वेच्छेचे होते. दुसऱ्या वेळी रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून जे बुडवावे लागले, ते मात्र त्यांचे सर्वस्व होते. कर्जखते गेली तेव्हा विठ्ठल उरला होता; अभंगांच्या वह्या गेल्या तेव्हा, या विठ्ठलाला आपले बोलणे मान्य तरी होते की नव्हते, हाच संशय उरला. तेव्हा ते नदीकाठी शिळेवर निराहार बसले.

कीर्तनकार ही कथा सांगताना तेराव्या दिवसाकडे धाव घेतात. वह्या कोरड्या तरंगून आल्या, जयजयकार झाला, आणि श्रोतेही टाळी वाजवून सुखावतात. या चमत्काराविषयी मला वाद घालावयाचा नाही. परंतु टाळेबंदीच्या काळात ही कथा आठवताना माझे मन नेहमी पाचव्या-सहाव्या दिवशी अडे. त्या दिवशी शिळेवर बसलेल्या मनुष्याला तेरावा दिवस ठाऊक नव्हता. तो उजाडेलच, वह्या वर येतीलच, गावाची मान झुकेलच, यांपैकी काहीही त्याला कोणी सांगितलेले नव्हते; समोर केवळ वाहते पाणी, पोटात भूक, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा. जो भरवसा आपण शिकू पाहतो तो या मधल्या दिवसांतला आहे. तेराव्या दिवशी भरवशाची गरजच उरत नाही. तेथे प्रत्यक्ष पुरावा हाती असतो. कठीण काळातल्या माणसाला आपण जेव्हा ‘सर्व ठीक होईल, देवावर विश्वास ठेव’ असे म्हणतो, तेव्हा त्याला तेराव्या दिवसाचे वचन देऊन बसतो, आणि ते वचन पाळणे आपल्या हाती नसते. ठीक होईल किंवा होणार नाही. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून जो देवाच्या दाराशी बसून राहतो, त्याच्या बसण्याला मी निष्ठा म्हणेन.

याच अर्थाची दुसरी एक नदीकाठची कथा मला उल्हासनगरने दिली. अंबरनाथच्या शेजारचे हे शहर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिच्या बरॅकींत उतरविले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. कॅम्प पाचच्या बाजूला ज्या वृद्ध सिंधी वाण्याकडे आमचे महिन्याचे सामान भरले जाई, त्यांना सारे ‘साईं’ म्हणत. टाळेबंदीनंतर काही काळाने मी त्यांच्याकडे गेलो तो सामानासाठी नव्हे, तर उधारी आणखी वाढू नये म्हणून खाते बंद करा, असे सांगण्यासाठी. ते तूरडाळ तोलीत होते. तराजूवरची नजर न काढता म्हणाले, “भाऊ, खातं बंद करायचं नाही. आम्ही आलो तेव्हा आमच्याकडे तर खातं पण नव्हतं.” आणि माझ्या घरी जाणारी नेहमीची डाळ, तांदूळ आणि तेल त्यांनी नोकराला बांधावयास सांगितले.

त्यांच्या गालावर त्या दिवसांत पांढरे खुंट वाढलेले होते, कारण चालिहो चालू होता. सिंधी समाजात आषाढ-श्रावणाच्या सुमारास चाळीस दिवसांचे हे व्रत पाळतात. व्रतस्थ मनुष्य दाढी करीत नाही, जमिनीवर निजतो, साधे अन्न खातो, आणि चाळिसाव्या दिवशी मटकीचे, म्हणजे घटाचे, विसर्जन करतो. उल्हासनगर पाचमधील चालिया साहेबांच्या मंदिरात त्या काळी रीघ लागलेली असते. कथा अशी की, ठट्ट्याच्या मिर्खशाहाने धर्म सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा सिंधच्या लोकांनी सिंधू नदीच्या काठी चाळीस दिवस उपास करून वरुणदेवाचा धावा केला, आणि नसरपूरला जन्म घेऊन मी तुमचे रक्षण करीन असे आश्वासन त्यांना मिळाले; तो अवतार म्हणजे उदेरोलाल, झुलेलाल. मी धीर करून साईंना विचारले की, त्या वेळी तुमचा देव धावून आला, तर १९४७ साली त्याने सिंध का राखले नाही? हा प्रश्न मी त्यांना विचारीत होतो खरा, पण तो माझा स्वतःचा होता, आणि बहुधा त्यांनी ते ओळखले. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते मला माहीत नाही. कॅम्पात आलो त्या साली पण आईने चालिहो सोडला नाही, एवढं माहीत आहे. बरॅकीत चूल पण धड नव्हती.”

या उत्तराने माझे समाधान झाले असे नाही, परंतु त्याच्याहून प्रामाणिक उत्तर मी कोणत्याही प्रवचनात ऐकलेले नाही. त्या माउलीला नदीही उरली नव्हती. जिच्या काठी व्रत करावयाचे ती सिंधू सरहद्दीपलीकडे राहिली; येथे अनोळखी मुलुख, अनोळखी भाषा, लष्कराने सोडलेल्या बरॅकी, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि पाण्यासाठी रांगा. अवताराची वाट पाहावी असे एकही चिन्ह नव्हते. अशा स्थितीत तिने उपास धरला तो सिंध परत मिळावे या कराराने धरला असेल, असे मानणे मला कठीण जाते. देवाने आपल्याला जे दिले नाही ते नजरेआड न करता, त्याला अपराधीही न ठरविता, त्याच्याशी असलेला रोजचा व्यवहार तिने चालू ठेवला. आपल्या वाण्याने आपले खाते चालू ठेवावे, तसे तिने देवाचे खाते चालू ठेवले.

श्रीवैष्णवांच्या दक्षिणी परंपरेत शरणागतीविषयी एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो की, भक्ताने माकडाच्या पिलासारखे आईला स्वतः घट्ट धरले पाहिजे; दुसरा म्हणतो की, मांजरीचे पिलू काहीच धरीत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते, आणि खरी शरणागती ती. पंडितांनी या दोन न्यायांवर शतकानुशतके ग्रंथ लिहिले आणि त्यावरून संप्रदायही वेगळे झाले. पोटासाठी झगडणाऱ्या मनुष्याला मात्र ही निवड इतकी स्वच्छ कधी करता येत नाही, असा माझा अनुभव आहे. जेथे हात पोहोचतो तेथे धरावे लागते, आणि जेथे पोहोचत नाही तेथे उचलले जाण्याची वाट पाहावी लागते; आणि सर्वात अवघड शिक्षण आहे ते हात कोठवर पोहोचतो हे ओळखण्याचे.

२०१९ सालच्या जुलैत या आमच्याच मुलखात त्याचा एक विलक्षण प्रत्यय आला. २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. चोहोंकडे काळोख आणि चढते पाणी, आणि गाडीत हजाराहून अधिक माणसे, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया. रेल्वेने कळविले की, कोणीही डब्यातून उतरू नये. पाण्यात उडी घेऊन काही तरी करावे, अशी ऊर्मी त्या रात्री कित्येकांना आली असेल. परंतु त्या वेळी करावयाचे कर्म एवढेच होते की, शेजारच्या मुलाला आपल्याजवळचे पाणी द्यावे, म्हाताऱ्याला बसावयास जागा द्यावी, आणि जागचे हलू नये. दुसऱ्या दिवशी आपत्ती निवारण दलाच्या होड्या आल्या, नौदल आले, आसपासच्या गावांतली माणसे आली, आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. येथे मी पुन्हा तेराव्या दिवसाकडे धावू इच्छीत नाही. ती रात्र काढणाऱ्यांना होड्यांची खात्री नव्हती, तरी त्यांनी ती एकमेकांना सांभाळून काढली.

परंतु स्वस्थ राहण्याचा हा आदेश सर्व प्रसंगांना लावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी माझे तीव्र भांडण आहे. टाळेबंदीच्या काळात एका सज्जनाने आम्हांला उपदेश केला की, दावे-फिर्यादी सोडा, जे झाले ती ईश्वरेच्छा समजा, आणि नामस्मरणात काळ घालवा. फाटकावरचा तो कागद व्यवस्थापनाने टंकला होता. त्याच्याखाली ईश्वराची सही नव्हती. मनुष्याने केलेल्या अन्यायाला देवाचा हुकूम मानणे ही शरणागती नव्हे, ती देवाची बदनामी आहे. गीतेचा सारा उपदेश ज्या अखेरच्या अध्यायात शरणागतीपाशी येऊन पोहोचतो, तेथे तो ऐकणारा अर्जुन धनुष्य खाली ठेवीत नाही, उचलतो. विनोबांनी १९३२ साली गीतेवर प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि दर रविवारी ती लिहून घेणारे साने गुरुजी व ऐकणारे इतर सत्याग्रही कैदी सविनय कायदेभंग करून तेथे आलेले होते. हे पुस्तक वनात विरक्त झालेल्यांसाठी आहे असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

तेव्हा आम्ही तारखांना जात राहिलो. ठाण्याच्या न्यायालयात नाव पुकारले जाई, कंपनीचा वकील मुदत मागे, मुदत मिळे. घरी पत्नीने उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतून धागे कापण्याचे काम आणले. निळ्या पँटींचे ढीग खोलीत येत, आणि शिवणीला लोंबणारे धागे छोट्या कातरीने छाटता छाटता तिची व मुलींची बोटे निळी होत. मी मिळेल तेथे हिशेब लिहिण्याची कामे करी. यांत देवाने काय केले, असे कोणी विचारले तर दाखविण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. बदल झाला तो रात्रीचा. दिवा मालविल्यावर मन जी बेरीज-वजाबाकी उलगडीत बसे, निकाल आपल्या बाजूने लागला तर काय, विरुद्ध लागला तर काय, मोठीचे शिक्षण, खोलीचे भाडे, आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून, ती एके काळी पहाटेपर्यंत चाले. पुढे पुढे मी ती देवाच्या स्वाधीन करू लागलो. शब्द ठरलेले नसत. आज जेवढे करता आले तेवढे केले, उरलेले तुझ्याकडे, एवढाच भाव. प्रारंभी हे स्वाधीन करणे घटकाभर टिके आणि मन ते ओझे पुन्हा ओढून आणी; पुन्हा द्यावे लागे. एकदा दिले आणि कायमचे दिले, असे ज्यांना साधते ते संत. आमच्यासारख्यांना ते रोज, कित्येकदा एका रात्रीत अनेकदा, द्यावे लागते, आणि तेही देणेच आहे अशी माझी श्रद्धा आहे.

ही श्रद्धा मी दुसऱ्या कोणावर लादणार नाही. शरण जाण्याची गोष्ट फक्त प्रथमपुरुषी बोलता येते. ‘मी शरण जातो’ याला अर्थ आहे, ‘तू शरण जा’ हे दुःखिताला सांगणे बहुधा निर्दयपणाचे होते. आमच्या पाळीतला एक सोबती त्या काळात पार खचला. त्याने देवघरातले देव फडक्यात बांधून माळ्यावर ठेवून दिले आणि तो कोणाशी बोलेनासा झाला. त्याच्या पत्नीने आम्हांला बोलावून घेतले, ते त्याची समजूत घालावी म्हणून. आम्ही चौघे-पाचजण गेलो, बरोबर तांदूळ आणि तेल नेले, मुलाच्या शाळेची थकलेली फी वाटून घेतली, आणि देवाचा विषय काढला नाही. त्याचे अक्षर फार सुरेख होते. दाव्याच्या कागदांच्या नकला करण्याचे काम युनियनने त्याच्याकडे सोपविले, आणि पुढच्या तारखेपासून तो आमच्याबरोबर ठाण्याला येऊ लागला.